तालुक्यातला उत्कृष्ट वाचक

१२ जानेवारी २०२५, रविवार

काल दुपारी वाचनालयाचे सचिव विठ्ठलराव घरी आले. सोबत नवीन ग्रंथपाल भैरवीबाई होत्या. दोन माणसं एकदम घरात आली की काय करायचं असतं ते मी विसरूनच गेलो आहे. खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून आत टाकले आणि चहा केला. साखर जास्त पडली. दोघांनी निमूट प्यायला.

काम असं होतं. यंदा आपल्या पांढरकवड्याच्या वाचनालयाला साठ वर्षं होतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आहे, त्या दिवशी तालुक्यातल्या उत्कृष्ट वाचकाचा सत्कार करायचं कार्यकारिणीत ठरलं. देवघेवीच्या नोंदवह्या काढल्या तर सदस्य क्रमांक ११४ सगळ्यांच्या पुढे निघाला. बावीस वर्षांत सहाशे अकरा पुस्तकं. दुसऱ्या नंबरचा माणूस तीनशेच्या घरात आहे. सदस्य क्रमांक ११४ म्हणजे सदाशिव खानझोडे, निवृत्त हेडक्लार्क, बांधकाम खातं. म्हणजे मी. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मंचावर अर्धा तास मुलाखत.

ती सहाशे अकरा पुस्तकं सुचित्रानं वाचली. मी एकही नाही. २००२ साली ऑफिसचा शिपाई रामसिंग वाचनालयाचा फॉर्म घेऊन आला, मी भरला, मी सही केली. घरातलं सगळंच माझ्या नावावर असायचं, गॅस, टेलिफोन, मीटर, त्यात हेही. पत्ता ऑफिसचा दिला. सुचित्रा चिठ्ठीवर नावं लिहून द्यायची आणि रामसिंग फायलींच्या पिशवीतून पुस्तक आणायचा. मी रिटायर झालो तोवर तिचे गुडघे गेले होते. मग भाजीवाली हंसाबाई पुस्तकं नेऊ-आणू लागली. बावीस वर्षांत सुचित्रा त्या वाचनालयाची पायरी चढली नाही, त्यामुळे तिथं तिला कोणी ओळखत नाही. सगळ्यांच्या लेखी खानझोडे साहेब वाचतात.

तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण विठ्ठलराव म्हणाले, "साहेब, तुम्ही इतके वाचता हे गावाले माहीतच नव्हतं," आणि माझ्याकडे असं बघितलं की जूनपासून कोणी तसं बघितलेलं नाही. सुचित्रा जूनमध्ये गेली. तेरावं झाल्यावर त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. मी "बरं" म्हणालो.

झालं लिहून. आता सेहेचाळीस दिवस आहेत. भैरवीबाईंकडून यादी मागवली आहे, पुस्तकंही त्या घरी पाठवणार आहेत. सगळी वाचणं शक्य नाही, तीसेक निवडेन. ज्याचं जे वाटलं ते इथं खरंखरं लिहीन, म्हणजे मंचावर निदान मत तरी माझं असेल. चाळीस वर्षं फायलींवर शेरे मारले आहेत, पुस्तकांवर मारायला हरकत नाही.

दुसरं कारणही आहे, ते कोणाला सांगण्यासारखं नाही. एकोणचाळीस वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून वाचत होती. ती त्यात काय बघत होती ते मला ठाऊक नाही. सापडलं तर बघावं.

१५ जानेवारी, बुधवार

पहिली कादंबरी संपवली. कोकणातलं एक घराणं, पाच पिढ्या, चारशे ऐंशी पानं. दर पिढीत एक विसू आहे. तिसरा विसू मेला तेव्हा मला वाईट वाटलं, मागाहून कळलं की तो चौथा होता. लेखकानं सुरुवातीला वंशावळ लावायला हवी होती. माझ्या टेबलावर अशी फाईल आली असती तर त्रुटी काढून परत पाठवली असती. भांडण मात्र खरं आहे. विहिरीच्या वाटणीवरून भावाभावांत होतं तस्संच आहे, आणि त्यांच्या बायका विहिरीवर एकमेकींशी बोलतात तेवढाच भाग वाचनीय.

शेरा: एकतृतीयांश केल्यास पुन्हा विचार करता येईल.

१८ जानेवारी, शनिवार

यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारं एक पुस्तक. लेखक म्हणतो पहाटे पाचला उठा, जग तुमचं आहे. मी चाळीस वर्षं साडेचारला उठतो आहे आणि हेडक्लार्कच्या वर सरकलो नाही. दुपारी दीडला बाजूला ठेवलं.

त्यानंतर 'सचित्र पोहायला शिका' या अर्थाचं काहीतरी. पातळ आहे, आकृत्या आहेत. हात असा, पाय तसा. पुस्तक वाचून पोहता येतं असं समजणाऱ्यांसाठी बरं. विशेष म्हणजे यादीत ते तीन वेळा आहे, २००५, २००९ आणि २०१४. सुचित्रा गुडघाभर पाण्यात कधी उतरली नाही. आम्ही समुद्रावर जायचं दोनदा ठरवलं होतं, दोन्ही वेळा मार्चअखेर आडवी आली. माझी रजा नेहमी शिल्लक असायची, साहेब लोक इतरांना माझं उदाहरण द्यायचे. तीन वेळा का आणलं असेल? बहुधा चुकून. चिठ्ठीत नाव चुकलं असेल.

शेरा: आकृत्या स्पष्ट.

२१ जानेवारी, मंगळवार

हंसाबाई दर मंगळवारी तांड्यावरून भाजी घेऊन येते. वीसेक वर्षं येते आहे. घरात एक माणूस आणि ती तीन माणसांच्या तुरीच्या शेंगा टाकून जाते, नाही म्हटलं तर ऐकत नाही. पूर्वी ती ओसरीच्या पायरीवर तासभर बसायची, मी ऑफिसला निघालो की मागून सुचित्राच्या बोलण्याचा आवाज यायचा. गप्पा मारतात म्हणायचो. आज मी पायरीवरच पुस्तक घेऊन बसलो होतो. एका पोस्टमास्तरच्या बायकोची कादंबरी. तिचे डोळे हळूहळू जातात, नवरा दुसरी करून आणतो आणि ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहते. वाचून अंगावर आलं. हंसाबाईनं टोपली उतरवली, पुस्तकावरचं चित्र बघितलं आणि म्हणाली, ही तर डोळे गेलेल्या बाईची गोष्ट.

मी चाट पडलो. तिला अक्षर येत नाही. तेव्हा कळलं की त्या गप्पा नव्हत्या. सुचित्रा वाचलेलं प्रत्येक पुस्तक तिला सांगायची. सगळी, म्हणे. मी मनात म्हटलं, हे तर उत्तमच झालं, मुलाखतीची तयारी होईल. विचारलं, शेवट कसा वाटला?

हंसाबाई म्हणाली चांगला वाटला. नवरा एक दिवस तिच्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, तुला आता काय काय दिसतं ते मला सांग. मग ती रोज सांगायची आणि तो ऐकायचा.

असं नाही ते, मी म्हटलं. मी पान २१२ काढून तिच्यापुढे धरलं. इथं स्पष्ट लिहिलं आहे की त्यानं दुसरी आणली. धरल्यावर लक्षात आलं की तिला वाचता येत नाही. ती पानाकडे बघून म्हणाली, "लिवलं असन. पण ताईनं मले असंच सांगतलं."

सुचित्रा घाईत वाचत असावी. शेवटची पानं कुकरच्या शिट्ट्या मोजताना वाचली असतील. दिवसभर जरा खट्टू होतो. जिच्या नावानं सत्कार घ्यायचा, म्हणजे जिच्याऐवजी घ्यायचा, तिचं वाचन असं ढिलं निघावं.

२४ जानेवारी, शुक्रवार

कवितासंग्रह. अर्धं पान कोरं. आमच्याकडे कागद पाठपोट वापरायचा नियम होता. बावीस कविता वाचल्या, एकवीस कळल्या नाहीत. एक कळली. उन्हाळ्यात दार उघडं ठेवून बसलेल्या माणसाबद्दल आहे, कोणी यायचं नाही हे माहीत असून. ती पुन्हा वाचली आणि मग बंद करून ठेवलं.

शेरा नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

हे पुस्तक आवडलं आणि तसं लिहायला मला लाज वाटत नाही. एका दीपगृहाच्या राखणदाराचं आत्मचरित्र. बत्तीस वर्षं समुद्रातल्या खडकावर नोकरी. दिवा कधी लावला, कधी विझवला, वारा कुठून होता. भाषेचे फुलोरे नाहीत. कर्तव्यदक्ष माणूस, एक दिवस दिवा चुकला नाही. दोन बैठकांत वाचलं. बायकोचा उल्लेख दोनच ठिकाणी आहे, एकदा लग्न झालं तेव्हा आणि एकदा ती वारली तेव्हा. ते बरोबरच आहे, पुस्तक दीपगृहाचं आहे.

हंसाबाईला म्हटलं, हे तरी सुचित्रानं नीट सांगितलं असेल. तर ती म्हणाली, हो, ती चहावाली गोष्ट. मी म्हटलं यात चहा कुठं आहे? ती सांगू लागली. त्या खडकावर त्याची बायको रोज संध्याकाळी एकशे चाळीस पायऱ्या चढून त्याला चहा द्यायला जायची. तो दिव्याकडे बघत चहा घ्यायचा. एका दिवशी ती गेली नाही. तो बराच वेळ थांबला, मग स्वतः खाली उतरून आला, तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, आज दिवसभरात काय झालं ते सांग. त्या रात्री दिवा अर्धा तास उशिरा लागला, आणि एकही जहाज बुडलं नाही.

मी पुस्तक पुन्हा चाळलं. पायऱ्या आहेत, एकशे चाळीसच आहेत. चहा नाही. उशीर नाही.

हंसाबाई दोन पुस्तकांची सरमिसळ करत असावी.

२ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा, साकेतचा, पुण्याहून फोन. दर रविवारी अकराला येतो. सूनबाई स्पृहानं मागून नमस्कार केला. सत्काराचं सांगितलं तर खूश झाला, मग म्हणाला, "पण बाबा, पुस्तकं तर आई वाचायची ना?" मी म्हटलं, सदस्यत्व माझं आहे. तो म्हणाला हो, तेही खरं. मग त्यानं पाण्याच्या मोटारीचं विचारलं. ती दुरुस्त झाली आहे असं मी सांगितलं.

आज वाचलं नाही. बायपासवरून ट्रक जातात त्यांचा आवाज इथवर येतो. पूर्वी येत नव्हता असं वाटतं. म्हणजे येत असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रहस्यकथा. खुनी दिवाणजी आहे हे मला चाळिसाव्या पानावर कळलं, कारण तो खर्चाच्या पावत्यांवर तारीख टाकत नाही. इन्स्पेक्टरला दोनशे पानं लागली.

हंसाबाईला मुद्दाम विचारलं, खून कोणी केला? ती म्हणाली दिवाणजीनं. हायसं वाटलं, निदान इथं तरी जुळलं. मग विचारलं, इन्स्पेक्टरला कसं कळलं? ती म्हणाली, त्याला नाही कळलं, त्याच्या बायकोला कळलं. तो थकून घरी गेला, तिनं जेवायला वाढलं, आणि त्यानं पहिल्यांदा ऑफिसातली गोष्ट तिला सांगितली आणि विचारलं, तुला काय वाटतं? तिनं सांगितलं की दिवाणजीच.

इन्स्पेक्टर पुस्तकात अविवाहित आहे. पान ९ वर लिहिलेलं आहे.

मी कोणाचंही बोलणं असं तपासत नाही, पण आज कागद घेऊन बसलो. हंसाबाईला आठवतात तेवढ्या गोष्टी सांगायला लावल्या, अकरा झाल्या. राजाची, डॉक्टरची, एव्हरेस्टवर गेलेल्या माणसाची, मिठाचा इतिहास, सगळ्या. अकराच्या अकरा गोष्टींत कोणीतरी नवरा बायकोपाशी येऊन बसतो आणि तिला काहीतरी विचारतो. मिठाच्या इतिहासातसुद्धा.

ही घाईत वाचण्याची चूक नाही. घाईत माणूस वेगवेगळं चुकतो, एकसारखं चुकत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस जेवण नीट गेलं नाही. साकेतला सांगितलं नाही. आदिवासी औषधी वनस्पतींचं एक पुस्तक वाचलं. माहितीपूर्ण. आपल्या जवळच्या झरीच्या जंगलातल्या तीन झाडांचा उल्लेख आहे.

स्वतःलाच विचारून बघितलं की मी तिला काय काय विचारायचो. यादी केली. किल्ली कुठंय. दूधवाला आला का. साकेतचा फोन आला का. गोळी घेतलीस का. हा प्रश्न तिच्या शेवटच्या दोन वर्षांतला. मी वाईट वागलो असं नाही, आवाज चढवला नाही, पगार तिच्या हातात दिला, दवाखान्यात अठरा दिवस बाकावर झोपलो. हे मी कोणाला पटवून देतो आहे ते कळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाचनालयात गेलो. मी पण पहिल्यांदाच गेलो. भैरवीबाई मानपत्राचा मसुदा करत होत्या. 'नियमितता हा आपला स्थायीभाव' असं वाक्य त्यांनी लिहिलं होतं, ते दाखवून त्या हसल्या. म्हणाल्या, साहेब, हे लिहावं का नाही असा प्रश्न आहे, कारण जुन्या वहीत तुम्हाला पाठवलेल्या स्मरणपत्रांची नोंद आहे. पुस्तक मुदतीत परत न आल्याबद्दल. चौदा वेळा. सगळी २०१६ च्या आधीची, सगळी ऑफिसच्या पत्त्यावर.

मला राग आला. माझ्या नावावर चौदा स्मरणपत्रं! मी आयुष्यात एक पत्रक मुदतीबाहेर जाऊ दिलं नाही. ती वही मागून घेतली. हिरव्या शाईत रीतसर नोंदी आहेत: तारीख, पुस्तकाचं नाव, कार्ड रवाना.

मग आठवलं. पोस्टकार्डं यायची, पिवळी. डाकेत असायची. मी वर कोपऱ्यात 'आवश्यक कार्यवाहीस्तव' लिहायचो, खाली लहान सही, तारीख. संध्याकाळी घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर तिच्या ताटाशी ठेवायचो. दुसऱ्या दिवशी पुस्तक रामसिंगकडे गेलेलं असायचं. काम झालं की मी कार्डाचा विचार सोडून द्यायचो. त्या कार्डांवर पुस्तकाचं नाव असायचं हेही आज वही बघून कळलं. मी ते वाचलं नव्हतं. संदर्भ क्रमांक वाचला असेन.

एरवी ती इतकी वेळेची. दुधाचं भांडंसुद्धा आदल्या रात्री घासून ठेवायची. पुस्तकांच्या बाबतीतच कशी विसरायची?

भैरवीबाईंना म्हटलं, नियमितता काढून टाका.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हंसाबाईला कार्डांचं सांगितलं. गंमत म्हणूनच सांगत होतो, की तुझी ताई पुस्तकं परत करायला विसरायची आणि नाव माझं खराब झालं.

हंसाबाई शेंगा निवडत होती, तिनं हात थांबवला. म्हणाली, "इसरत नव्हती ताई. मुद्दाम ठेवे."

मी विचारलं, कशासाठी?

"रामसिंग न्यायले आला तरी देत नव्हती. म्हणे, राहू दे, साहेबाच्या हापिसात कारड जाऊ दे. त्याच्यावर पुस्तकाचं नाव राह्यते. एखाद्या दिवशी घरी येऊन इचारतीन मले, हे कायचं पुस्तक हाय म्हणून." मग तिनं पुढे सांगितलं. "मी पुसलं होतं, ताई, मंग इचारलं का साहेबानं? तं हासली. म्हणे, सही करून टेबलावर ठेवलं."

हंसाबाईनं आतून पाणी आणून दिलं. माझ्या घरात माझ्याच पेल्यात तिनं पाणी आणून दिलं आणि मी प्यायलो. मला हुंदका आला तो तिच्यासमोरच आला. सदुसष्टाव्या वर्षी भाजीवालीसमोर रडणं शोभत नाही, पण आवरलं नाही. ती पायरीवर बसून राहिली, उठून गेली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "साहेब, ताई तुमच्यावर रागावत नव्हती. तुमाले तसं वाटू देऊ नका." रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली असती तर निदान मी 'काय झालं' असं विचारलं असतं.

चौदा वेळा तिनं विचारायची संधी दिली आणि चौदा वेळा मी सही केली.

१९ फेब्रुवारी

काही नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

विठ्ठलरावांकडे जाऊन सत्कार नको म्हणून सांगितलं. पुस्तकं माझ्या पत्नीनं वाचली आहेत असंही सांगितलं. ते हसले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, साहेब, काकू गेल्यापासून तुमचं मन लागत नाही ते आम्हाला दिसतं. पत्रिका छापून झाल्या आहेत. संसारात तुमचं आणि काकूंचं असं वेगळं असतं का? नवरा-बायकोचं वाचन एकच.

एकच नव्हतं, मी म्हटलं. त्यांना फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

ठरवलं आहे. मंचावर जाऊन सांगायचं. तिथं माईक असेल, फोन येणार नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सुचित्राचं शेवटचं पुस्तक वाचून काढलं. दवाखान्यात जायच्या आधी आठवडाभर तिच्याकडे होतं. एका रेल्वे गार्डची लहान कादंबरी. हंसाबाई म्हणाली याची अर्धीच गोष्ट ऐकली आहे, पुढचं सांगा. मी सांगितलं, जसं आहे तसं. गार्डची बदली होते, तो गाव सोडून जातो, संपलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याची बायको होती का? मी म्हटलं होती, पण तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही. हंसाबाई "हं" म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

माझी मतं आता माझ्याच कामाची राहिली नाहीत. चव्वेचाळीस दिवसांत सत्तावीस पुस्तकं वाचली. दीपगृहाचं तेवढं आवडलं होतं, आता तेही आवडत नाही. एका माणसानं बत्तीस वर्षांच्या नोकरीवर दोनशे सत्तर पानं लिहावीत आणि बायकोला दोन ओळी द्याव्यात. तो शेरा बदलायला हवा. शेरा बदलताना खोडायचं नसतं, खाली नवा लिहून तारीख टाकायची असते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आताच घरी आलो. शाल खुर्चीवर आहे.

सभागृह भरलं होतं. शाळेची मुलं, दोनतीन निवृत्त मास्तर, बायका बऱ्याच. पुढच्या रांगेत कार्यकारिणी. भैरवीबाईंनी मानपत्र वाचलं. सदाशिव खानझोडे हे नाव त्यात सात वेळा आहे, मी मोजलं. मग मुलाखत सुरू झाली. त्यांच्या हातात प्रश्नांचा कागद होता. पहिला प्रश्न, वाचनाची गोडी कशी लागली?

मी माईक हातात घेतला आणि म्हणालो की मला गोडी लागलेली नाही. ही सहाशे अकरा पुस्तकं माझी पत्नी सुचित्रा सदाशिव खानझोडे हिनं वाचली. फॉर्मवर सही माझी आहे, एवढाच माझा संबंध. गेल्या दीड महिन्यात मी सत्तावीस वाचली, तीही आज इथं अब्रू राहावी म्हणून.

टाळ्या पडल्या. सुरुवातीपेक्षा जास्त. विठ्ठलराव मान हलवत शेजाऱ्याला काहीतरी म्हणत होते. एका बाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यांना वाटलं मी मोठेपणा करतो आहे, गेलेल्या बायकोच्या पदरात श्रेय टाकतो आहे. मी पुन्हा म्हणालो, खरं सांगतो आहे. पुन्हा टाळ्या. किती नम्र माणूस, असं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. मी माईक धरून तसाच उभा होतो. खरं सांगितलं तर तेही माझ्याच नावावर जमा होत होतं.

भैरवीबाई गडबडल्या. कागदावरचे सगळे प्रश्न माझ्या वाचनाचे होते. त्यांनी दोनतीन ओळी सोडल्या, शेवटच्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि त्यात बदल करून चांगल्या मनानं विचारलं, "मग साहेब, काकूंचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं होतं?"

यादी मला तोंडपाठ आहे. तारखांसकट आहे. पोहण्याचं म्हणावं का, तीन वेळा आणलं म्हणून? दीपगृहाचं? की ज्यांचं कार्ड आलं त्या चौदांपैकी एखादं? कोणतंही नाव घेतलं असतं तरी लोकांनी लिहून घेतलं असतं. हंसाबाईला कदाचित माहीत असेल, हे तिथं उभं असताना मनात आलं, आणि हेही आलं की इतके मंगळवार गेले, तिलाही मी विचारलेलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिला कधी विचारलं नाही."

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. ज्या बाई डोळे पुसत होत्या त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा कुठे त्यांना पटलं. मी माईक टेबलावर ठेवला. विठ्ठलरावांनी आभार थोडक्यात मानले.

घरी चालत आलो. कोणी सोबत आलं नाही, मीही कोणाला म्हटलं नाही. आज गुरुवार. हंसाबाई मंगळवारी येईल. मध्ये चार दिवस आहेत.